बोट आपणच चालवायची आणि स्कुबाही करायचं?

तुझा फोन आल्यापासून हेच डोक्यात घोळतंय. उजनीच्या पाण्यात पोहायला शिकलास, दम चांगला आहे. पण शिडाची बोट चालवणं आणि त्याच सहलीत स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून बुडी मारणं, ही दोन वेगळी कामं आहेत रे. सगळे एकदम पाण्याखाली, असं कधीही करू नकोस. बोट सांभाळता येणारा एक जण वर हवाच. मी एकदा नांगर घसरताना अनुभवलाय. साखळीवर तळवा ठेवला, तर ती खरखरत थरथरत होती आणि खाली माझा भाऊ होता. वर कुणीच नसतं, तर बोट गेलीच असती.

म्हणून पहिल्या खेपेला सिलिंडर बोटीवर नकोतच. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांत डायव्हिंगवाले ठरल्या जागी येतात, तुमच्या बोटीवरूनच घेऊन जातात. १८६७ च्या चक्रीवादळात बुडालेलं ‘ऱ्होन’ जहाज तिथेच, सॉल्ट बेटाजवळ आहे. ते बघच! नांगर मात्र प्रवाळावर टाकायचा नाही. बोट बांधायला तरंगता बोया असेल तर तो, नाहीतर वाळू शोध.

शेवटची बुडी आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास ठेव. शेवटचा दिवस नुसता शिडांचा.

आणि बोट भाड्याने देणारे आधी तुझा अनुभव विचारतात. सोलापुरात बसून व्हिडिओ पाहून तो येत नाही. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकड, सकाळी मुंबई. तिथे सेलिंगच्या वर्गाला नाव घाल, पावसाळा संपला की लगेच.