दूरस्थ सर्व्हरच्या नेटवर्क अडॅप्टरचे प्रोफाइल संपर्क न गमावता कसे बदलावे?

आपण एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीने) ज्या अडॅप्टरवरून आत आला आहात, त्याचेच प्रोफाइल (नेटवर्क सेटिंग्जचा जतन केलेला संच) बदलायचे असेल, तर मूळ प्रोफाइलला हात लावू नये. नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क जोडण्या सांभाळणारी सेवा) असलेल्या लिनक्स सर्व्हरवर त्याची प्रत काढावी, नवा आयपी पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचा मार्ग) आणि डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणारा सर्व्हर) त्या प्रतीत भरावेत आणि तिचे ऑटोकनेक्ट (आपोआप जोडले जाणे) तूर्त बंद ठेवावे, म्हणजे सर्व्हर रीबूट झाला तरी तो जुन्याच पत्त्यावर परत येईल. प्रोफाइलमधील बदल ते पुन्हा सक्रिय करेपर्यंत लागू होत नाहीत, त्यामुळे तपासणीला पुरेसा अवधी मिळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतीची वाट, आणि ती आधी तयार हवी. नवे प्रोफाइल सक्रिय करण्यापूर्वीच, पाच मिनिटांनंतर जुने प्रोफाइल पुन्हा सक्रिय करणारा सिस्टमडी टायमर (ठरावीक वेळेनंतर आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) लावावा. तो आपल्या सत्रावर अवलंबून नसल्याने संपर्क तुटला तरी चालतो. नव्या पत्त्यावरून स्वतंत्र सत्र उघडता आले, तरच टायमर रद्द करून नव्या प्रोफाइलचे ऑटोकनेक्ट चालू आणि जुन्याचे बंद करावे. उबुंटूवर नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंग्जच्या साधनाची ‘ट्राय’ आज्ञा हेच काम करते: 120 सेकंदांत पुष्टी न दिल्यास ती बदल मागे घेते, मात्र बाँड (अनेक अडॅप्टर एकत्र जोडणे) किंवा ब्रिज (नेटवर्क एकमेकांना जोडणे) यांच्या विशेष सेटिंग्जबाबत तिच्यावर विसंबू नये.

दोन अडॅप्टर असतील, तर डीफॉल्ट गेटवे सहसा एकाच प्रोफाइलमध्ये द्यावा. आयड्रॅक (डेल) किंवा आयएलओसारखा (एचपीई) सर्व्हरच्या नेटवर्कवर अवलंबून नसलेला स्वतंत्र व्यवस्थापन कन्सोल उपलब्ध असल्यास त्याचे लॉगिन काम सुरू करण्यापूर्वीच तपासून घ्यावे.