भाडं शून्य, पण मालकाला एवढी घाई का?

प्रश्न: आम्ही कांदिवलीत 27,000 भाड्याने राहतो. नवरा आठवड्यातून तीन दिवस अंधेरीला जातो, माझं काम घरूनच. वसईजवळ निर्मळ गावात वाडीतलं बैठं घर मिळतंय, समुद्रही जवळ. मालक म्हणतात, 14,000 भाडं आणि 50,000 डिपॉझिट द्या, नाहीतर 10 लाख हेवी डिपॉझिट ठेवा आणि भाडं देऊच नका. एफडी मोडू का?

उत्तर: एफडी मोडू नका. घर घ्या, पण दरमहा भाडं भरून.

हेवी डिपॉझिट वरवर गोड दिसतं. 10 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 70,000 मिळतात, त्यातही कर जातो. भाडं मात्र 1,68,000 वाचतं. आता हाच हिशेब मालकाच्या बाजूने मांडा. तुमच्या जास्तीच्या साडेनऊ लाखांसाठी तो 1,68,000 सोडतोय, म्हणजे साडेसतरा टक्क्यांच्या वर व्याज! घर तारण ठेवून बँक याहून बरंच स्वस्त कर्ज देते. मग तो बँकेत का जात नाही? वाडीतल्या घरांच्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा सातबाऱ्यावर सापडतं. काका, आत्या, चुलतभाऊ अशी सात-आठ नावं, आणि घराच्या नावाने फक्त घरपट्टीची पावती. माणूस लबाड असेलच असं नाही. पण ज्या कागदावर बँक पैसे देणार नाही, त्यावर तुम्ही देताय, तेही विनातारण. हे पैसे परत येतात ते सहसा पुढच्या भाडेकरूकडून. तो मिळेपर्यंत तुम्ही सामान बांधून बसायचं.

शिवाय भाडंच नाही तर घरभाडे भत्त्याची सूटही नाही. नवीन करप्रणालीत असाल तर ती तशीही मिळत नाही. जुन्यात असाल तर लक्षात ठेवा, वसई मुंबईत धरत नाहीत. मर्यादा पगाराच्या 50 नव्हे, 40 टक्के.

महिना 13,000 वाचतील असंही धरू नका. स्टेशनपर्यंतची रिक्षा, लांबचा पास, इन्व्हर्टर, खाऱ्या हवेने गंजणारी स्कूटर आणि फ्रिज. माझ्या अंदाजाने हाती सात-आठ हजार उरतील. तेही वाईट नाहीत. त्यांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, लावा, नाहीतर ते मासळीबाजारात कधी गेले कळणार नाही.

करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी लागतेच, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात लिहून घ्या, बँकेतूनच द्या. ‘कागदावर थोडं कमी दाखवू’ म्हणाले, तर तिथूनच मागे फिरा.

कांदिवलीचं सामान विकून टाकण्याआधी एक पावसाळा तिथे काढा. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन लोकल ठप्प झाली होती. तशा दिवशी नवऱ्याला घरून काम करता येईल का, हे ऑफिसात आधीच विचारा. आणि विहिरीचं पाणी आत्ता गोड लागलं तरी शेजाऱ्यांना विचारा, मे महिन्यात कसं लागतं. टँकर कोण मागवतं आणि पैसे कोण देतं, तेही करारात येऊ द्या.