जूनमध्ये कसली होळी?

प्रश्न: मुलगी आयर्लंडला गॉलवेत शिकते. २३ जूनच्या रात्री तिथे मोठ्ठा जाळ पेटवलेला, व्हिडिओ पाठवलाय तिने. हे काय असतं हो? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, ती सेंट जॉनच्या सणाची आदली रात्र. सण २४ जूनचा, म्हणजे आपल्या गोव्यात सांजांवला विहिरीत उड्या मारतात ना तोच, गोव्यात पाणी आणि आयर्लंडला आग एवढाच फरक. मी गॉलवेशेजारच्या मेयो परगण्यात सहा वर्षं होते, शेजारचे आजोबा लहानपणचं सांगायला लागले की थांबायचेच नाहीत. पोरं आधी कित्येक दिवस घरोघर फिरून लाकडं, जुन्या खुर्च्या आणि टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या, अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या विटा असं सगळं गोळा करायची, आणि शेजारच्या गल्लीतली पोरं ढीग पळवतील म्हणून आळीपाळीने राखण करायची, अगदी आपल्या होळीसारखंच! सूर्य मावळायलाच रात्रीचे दहा वाजतात, मग पेटवायचं. पिकं चांगली यावीत म्हणून जळती ढलपी शेतात टाकायची, गुरांना धुरातून न्यायचं, जाळ बसला की तरण्या पोरांनी वरून उड्या मारायच्या. आणि गुडी! म्हणजे पाव गरम दुधात साखर घालून कुस्करलेला, आजोबांच्या आईने तो पत्र्याच्या मगात दिलेला, वर राख उडून पडलेली तरी तसाच खाल्ला म्हणे. आता टायर जाळायला बंदी आहे, ते बरंच झालं. मुलीला सांगा, पुढच्या वर्षी एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून बघ.