लॉसलेससाठी वरची योजना, नवे हेडफोन, डॅक: यातले काय घ्यावे?

तुमच्या पत्रातला हिशेब आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही पुढचे नीट कळेल. तुम्ही आयफोनवर गाणी ऐकता, रोज तासभर प्रवासात आणि रात्री घरी थोडा वेळ. फोन यूएसबी-सी वाला आहे. स्ट्रीमिंग सेवेच्या सध्याच्या योजनेत गाणी ३२० केबीपीएसने (सेकंदाला ३२० किलोबिटने) वाजतात. लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातले काहीही न गमावणारा दर्जा, हवा तर वरची योजना घ्यावी लागते. तिची वर्गणी आत्ताच्या दुपटीहून जास्त आहे, पण वर्षाची एकदम भरली तर सवलत मिळते. सोबत ‘हाय-रेझ वायरलेस’चा शिक्का असलेले ब्लूटूथ हेडफोन बारा बिनव्याजी हप्त्यांवर घ्यायचे आणि फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारा एक चांगला वेगळा डॅकही घ्यायचा, असा तुमचा बेत आहे. तिन्हींचा मिळून खर्च हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या पाऊणपट होतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी तीन महिने पुढे ढकलली जाते आहे. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे.

माझे उत्तर असे: हेडफोन घेऊ नका. डॅकही आत्ता नको. वरची योजना घ्या, पण एका महिन्यापुरती, आणि तीही कार्डाची थकबाकी शून्यावर आल्यानंतर.

एक गोष्ट स्पष्ट करतो. संगीतावर खर्च करणे ही उधळपट्टी आहे असे मी मुळीच मानत नाही. दिवसाचा दीड-दोन तास जी गोष्ट तुम्हाला सोबत करते, तिच्यासाठी अंदाजपत्रकात हक्काचा रकाना असलाच पाहिजे. माझी हरकत एवढीच आहे की तुमच्या बेतातले बहुतेक पैसे ज्या वस्तूवर जाणार आहेत, तिच्यातून लॉसलेस ऐकूच येणार नाही.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा निर्णय इथेच आहे. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. त्याचा कच्चा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट भरतो. फ्लॅक किंवा अ‍ॅपलचा एएलएसी हे प्रकार तो प्रवाह आकसतात, पण आकसलेले उलगडले की मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. म्हणून ते लॉसलेस. एमपी३, एएसी, ऑग हे प्रकार कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग काढून टाकतात आणि तो परत येत नाही. आता तुम्ही वरच्या योजनेचे पैसे भरलेत, तर फ्लॅक फाइल तुमच्या फोनपर्यंत शाबूत येईल. फोन ती उलगडेल. आणि मग ब्लूटूथवरून हेडफोनला पाठवताना आयफोन तिचे पुन्हा एएसी करेल, सुमारे २५६ केबीपीएसचे. ज्या छाटणीतून सुटायला तुम्ही दुप्पट वर्गणी भरणार, तीच छाटणी शेवटच्या हातभर अंतरात होणार.

मग खोक्यावरचा तो सोनेरी शिक्का कशाचा? तो जपान ऑडिओ सोसायटीचा आहे आणि तो खोटा नाही. हेडफोनला एलडॅकसारखा वरच्या दर्जाचा ब्लूटूथ कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याचा प्रकार, समजतो, एवढे तो सांगतो. पण कोडेक दोन्ही टोकांना लागतो आणि आयफोनमध्ये एलडॅक नाही. तुमच्या फोनला जोडल्यावर ते हेडफोन निमूटपणे एएसीवर येतील. बरे, एलडॅक असलेला अँड्रॉइड फोन घेतला तरी त्याची कमाल मर्यादा ९९० केबीपीएस आहे, आणि सिग्नल कमजोर झाला की तो ६६० किंवा ३३० वर उतरतो. दर्जा चांगला आहे, पण ते लॉसलेस नव्हे. ब्लूटूथवर सीडीचा दर्जा न छाटता पोचवायला क्वालकॉमचा अ‍ॅप्टएक्स लॉसलेस आहे. त्यालाही फोन आणि हेडफोन दोन्ही त्याच पठडीतले लागतात, आणि आयफोन त्यात बसत नाही.

आयफोनवर लॉसलेसचा भरवशाचा रस्ता तारेचा आहे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एअरपॉड्स मॅक्सनाही लॉसलेस मिळाले ते २०२५ मध्ये, यूएसबी-सीच्या मॉडेलला आणि तार जोडल्यावरच.

वायरलेस हेडफोनचा आणखी एक हिशेब फारसा कुणी मांडत नाही. त्यांचे आयुष्य बॅटरीचे आयुष्य असते. काही वर्षांत ती दमते, आणि बऱ्याच मॉडेलांत ती बदलून घेणे इतके कटकटीचे असते की लोक नवेच घेतात. चांगल्या तारेच्या हेडफोनची तार बदलता येते, कानावरच्या गाद्या बदलता येतात आणि ते दहा-दहा वर्षे चालतात. खरेदीची रक्कम वापराच्या वर्षांनी भागा, म्हणजे कुठले महाग आणि कुठले स्वस्त हे वेगळेच दिसेल. प्रवासातल्या सोयीसाठी, बाहेरचा गोंगाट कमी करण्यासाठी वायरलेस घ्यायचे असतील तर ते कारण अगदी रास्त आहे. पण मग ती सोयीची खरेदी म्हणून तिचा विचार करा. तुमच्याकडे चालते इअरबड्स आहेत, म्हणजे त्या सोयीला आज अडलेले काही नाही.

डॅकचे थोडक्यात. फोनमधल्या आकड्यांचे कानाला ऐकू येईल अशा विद्युतलहरींत रूपांतर करणारा भाग म्हणजे डॅक. यूएसबी-सीमधून ३.५ मिलिमीटरची पिन काढून देणारा अ‍ॅपलचा जो बोटभर तुकडा मिळतो, त्यात डॅक असतोच आणि तो २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत वाजवतो. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेले लॉसलेस २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतच आहे, म्हणजे ते या तुकड्यातून पूर्ण वाजते. अ‍ॅपल म्युझिक, टायडल, कोबझ १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातात. त्या वरच्या थरासाठी मात्र आयफोनला त्या ताकदीचा वेगळा डॅक लागतो.

पण त्या वरच्या थराची गरज आहे का? माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येते. ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या, ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडी दर्जाचा टप्पा घालून लोकांना ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. त्यात बरोबर उत्तरे ५२ टक्क्यांच्या आसपास निघाली, नुसत्या अंदाजाच्या ५० टक्क्यांहून जराशीच वर. फरक असला तर इतका बारीक आहे. या बारकाव्यासाठी कार्डाची थकबाकी असताना डॅक घेण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही.

३२० आणि सीडी दर्जा यांतला फरक काहींना, काही गाण्यांत, शांत खोलीत कळतो. तुम्हाला कळतो का, हे तुमच्या कानांनीच ठरवायला हवे, आणि त्यासाठीच एका महिन्याची योजना घ्या म्हणतो. तुमचे कपाटात पडलेले तारेचे हेडफोन काढा आणि तो बोटभर तुकडा आणा. तुमच्या तीन वस्तूंच्या बेताच्या जागी माझ्याकडून एवढीच खरेदी. मग तुम्हाला पाठ असलेली चार-पाच गाणी निवडा, ज्यांत झांजा, टाळ्या किंवा एकट्या गळ्याचा लांब सूर आहे. घरातल्या कुणाला तरी फोन हातात द्या. त्यांनी अ‍ॅपच्या सेटिंगमधून दर्जा मनाला येईल तसा बदलायचा, तुम्ही पाठमोरे बसून ओळखायचे. एकूण १६ फेऱ्या करा. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. म्हणून १२ आले तर तुम्हाला खरेच फरक कळतो असे मी मानेन.

दोन पथ्ये मात्र पाळा. आवाजाची पातळी दोन्ही वेळा तंतोतंत एक हवी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि बऱ्याच जणांची फसगत तिथेच होते. आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतो असे भासवणारा प्रकार, बंद ठेवा. त्यात गाण्याचे मिश्रणच वेगळे असते आणि स्ट्रीमिंगवर ते लॉसलेसही नसते, त्यामुळे तुलना बिघडते.

वर्गणीबद्दलही एक सुचवतो. लॉसलेससाठी सगळीकडे जादा पैसे पडतातच असे नाही. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ते नेहमीच्या वर्गणीतच द्यायला सुरुवात केली, अ‍ॅमेझॉन म्युझिक अनलिमिटेडनेही त्याच सुमारास जादा आकार काढून टाकला, आणि टायडलने २०२४ मध्ये दोन योजनांची एकच केली. कुठल्या योजनेत काय मिळते हे देशागणिक बदलते, म्हणून तुमच्या भागातली पाने उघडून बघा. सेवा बदलायची म्हणजे प्लेलिस्ट हलवण्याचा त्रास आहे, पण तो एकदाचा. जादा वर्गणी दर महिन्याची.

डेटाचा खर्चही धरा. तीन मिनिटांचे गाणे २५६ केबीपीएसला साधारण ६ एमबी घेते, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या लॉसलेसला ३६ एमबी आणि १९२ किलोहर्ट्झला १४५ एमबी. रोजचा तासभर प्रवास म्हणजे वीस गाणी. ती लॉसलेसवर ठेवलीत तर महिन्याला २१ जीबीच्या आसपास डेटा जाईल, आणि तोही इअरबड्समधून ऐकू न येणाऱ्या दर्जासाठी. मोबाइल डेटावर जुनाच दर्जा ठेवा, लॉसलेस वायफायवर. बहुतेक अ‍ॅपमध्ये दोन्हींची सेटिंग वेगळी असते.

आता पैशांचा क्रम. कार्डाची थकबाकी आधी संपवा. कार्डावर जे व्याज चढते तेवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक कुठेच नाही, म्हणून तिथे गेलेला प्रत्येक जादा पैसा सर्वांत जास्त कामाला येतो. हप्ते बिनव्याजी असले तरी नको म्हणतो ते यासाठी की ते बारा महिने तुमचे हात बांधतात. मधेच एखादे आजारपण आले किंवा पगार लांबला, तर दोन महिन्यांच्या निधीतून घरही चालवायचे आणि हेडफोनचा हप्ताही भरायचा, अशी वेळ येईल. त्या हप्त्याइतकी रक्कम आजपासून कार्डात भरा. थकबाकी संपली की तीच रक्कम निधीत वळवा, तो किमान चार महिन्यांच्या खर्चाइतका होईपर्यंत. कार्ड निल झाल्याच्या महिन्यात कानांची परीक्षा उरकून घ्या, ती खर्चात पाडणारी नाही.

परीक्षेत १२ किंवा जास्त आले, तर निधी भरल्यावर चांगले तारेचे हेडफोन रोखीने घ्या, दुकानात तासभर ऐकून, तुमचाच फोन आणि तुमचीच गाणी लावून. आवाजात सर्वांत मोठा फरक हेडफोनने पडतो, फाइलच्या दर्जाने त्यापेक्षा पुष्कळ कमी. परीक्षेत सात-आठवर राहिलात, तर जुन्या योजनेवर परत या आणि ती वाचलेली वर्गणी याच हेडफोनसाठी साठवा. ३२० केबीपीएसची गाणीही त्यांतून आजच्यापेक्षा कितीतरी खुलून येतील.

वर्षाच्या वर्गणीवरच्या सवलतीची मुदत महिनाअखेर संपते असे तुम्ही लिहिले आहे. ती जाऊ द्या. अशा सवलती पुन्हा येतात, आणि न आल्या तरी एका महिन्यात नको ठरलेल्या योजनेचे उरलेले अकरा महिने तुम्हाला कुणी परत करणार नाही.