घरचं सॅनिटायझर खरंच जंतू मारतं का, हे कसं तपासायचं?

तपासता येतं, आम्ही बडोद्यात भाचीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी केलंय. बरेच जण अगार प्लेटवर (जंतू वाढवायला जेलीसारखा थर घातलेली चपटी बशी) सॅनिटायझरमध्ये भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवून भोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल पडतो का बघतात, पण अल्कोहोल उडून जातं, गोल छोटासाच दिसतो आणि चांगलं सॅनिटायझर उगाच नापास होतं. त्यापेक्षा चोळण्याआधी डाव्या बोटाचा ठसा एका प्लेटवर घ्या, चोळून हात पूर्ण वाळले की उजव्याचा दुसरीवर, आणि दोन दिवस उबेत ठेवा. आमच्या पहिल्या प्लेटवर जंतूंचे पिवळट ठिपके गच्च, दुसरीवर चारच! अल्कोहोल निदान 60 टक्के हवं. आणि बाटलीवर '99.9 टक्के जंतू मारतं' लिहितात, म्हणजे लाखातले 100 उरतातच हं. प्लेटला टेप लावा, मुलांना उघडू देऊ नका प्लीज, टाकताना मोठ्यांनीच ग्लोव्हज घालून ब्लीचमध्ये बुडवा.