शो पडला म्हणजे मी पडले का?

"एखादा शो पडला की आठवडाभर तेच डोक्यात फिरत राहतं. मग वाटतं, आपल्यात मुळात काही नाहीच." रंगमंचावर काम करणाऱ्या मुलामुलींकडून हे मी वरचेवर ऐकते, आणि इम्प्रोव करणाऱ्यांकडून तर फारच. त्यांच्या हातात संहिता नसते. प्रेक्षकांतून एखादा शब्द येतो आणि त्यावर दोघाचौघांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. त्यामुळे फसलं की सगळा दोष आपलाच, असं त्यांना वाटतं.

अशीच एक मुलगी माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटणारे तपशील बदलले आहेत.) पुण्यात आयटीतली नोकरी, शनिवार-रविवार इम्प्रोव, आणि नुकतंच नवख्यांचे वर्ग घ्यायला लागलेली. एका शोमध्ये ती ब्लँक झाली. तेव्हापासून रात्री-अपरात्री जाग येऊन तोच सीन आठवायचा. भीतीपोटी ती त्या शोच्या आधीपासूनच घरून विनोद ठरवून नेऊ लागली होती, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे होती.

आधी मी झोप, भूक, ऑफिसचं काम, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं विचारून घेतलं. त्रास शोच्या आगेमागेच होता, एरवी ती ठीक होती. तसं नसतं तर प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग तो सीन नीट सांगायला सांगितला. तिचा जोडीदार उकिडवा बसून हवेतच भांडी घासत होता. एक पातेलं तिच्यापुढे धरून म्हणाला, "आई, हे करपलंय गं." तिने ते घेतलंच नाही. तयार करून आणलेला मेट्रोवरचा विनोद टाकला. कुणी हसलं नाही. दुसरा आठवेना. "अर्धा मिनिट नुसती उभी होते, ताई."

शोचं रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलवर होतं. ते बघायची तिची तयारी नव्हती, पुढच्या भेटीत झाली. दोघींनी मिळून पाहिलं. शांतता चार सेकंदांची होती. तेवढा वेळ जोडीदाराचा हात पातेलं धरून तसाच पुढे होता, आणि तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"तेव्हा तू कुणाकडे बघत होतीस?"

"स्वतःकडे. मी कशी दिसत असेन, ते."

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात हेच आहे: माणसाचं लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःवर खिळतं, आणि प्रसंग संपल्यावर तो त्याचीच चिरफाड करत बसतो. लोक आपल्याकडे किती बघतात याचा अंदाजही आपण भलताच करतो. कॉर्नेल विद्यापीठातला 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी तिला सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला.

अशा वेळी "आत्मविश्वास वाढव" असं मी कधीच सांगत नाही. घाबरलेल्या माणसाला ती आणखी एक परीक्षा वाटते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले हट्टी समज तपासून बघत, आम्ही तिच्या मनातल्या हट्टाशी भांडलो: "मला दर वेळी हशा मिळालाच पाहिजे." हशा मिळावा ही इच्छा रास्तच आहे. मेहनतीचं काम फसलं की वाईटही वाटणारच, ते पुसून टाकायचं नाही. पण एका सीनवरून "मी फालतू" हा शिक्का? त्यावर तिने माझ्याशी चांगलाच वाद घातला, आणि तो मला हवाच होता.

तालमीसाठी एकच काम दिलं. बोलण्याआधी समोरच्याने जे दिलं ते हातात घ्यायचं. पातेलं असेल तर जड आहे का, गरम आहे का, ते आधी हाताला कळू दे. इम्प्रोवच्या खेळांचा पाया घालणाऱ्या व्हायोला स्पोलिन शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करायच्या तेव्हा त्यांच्या खेळांची मांडणी अशीच असे: खेळाडूला लक्ष द्यायला काहीतरी ठोस मिळालं की स्वतःकडे बघायला सवड उरत नाही.

तिचा मामा कुडाळकडचा, दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात काम करणारा. तिथेही संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, आणि बोलणं मंचावर सुचेल तसं. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, "अडलंस तर समोरच्याकडे बघ गो, तो वाट दाखयता." माझ्या सगळ्या बैठकांपेक्षा हे तिला लवकर पटलं, आणि मला त्याचा आनंदच झाला.

शिकवण्याचा प्रश्न वेगळा होता. चूक झाली की हात वर करून "चुकलं!" म्हणायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे ती वर्गात आवर्जून करून घ्यायची. स्वतःच्या शोनंतर मात्र कुणाशी न बोलता घरी. मी सुचवलं की तिनेही वर्गात मुलांसोबत खेळावं, आणि चुकली की तसेच हात वर करावेत. हे तिला सर्वांत जड गेलं.

आणखी एक ओझं होतं. एका मुलाने सीनमध्ये अचानक स्वतःच्या वडिलांच्या आजारपणाचं काढलं आणि तो रडायला लागला. ती ते घरी घेऊन गेली, आपण त्याला सावरू शकलो नाही म्हणून. इथे मी स्पष्ट बोलले: तू शिक्षिका आहेस, उपचार करणारी नाहीस. सीन थांबवायचा, पाणी द्यायचं, पुढे खेळायचं की बसायचं ते त्याला ठरवू द्यायचं, आणि वर्ग संपल्यावर एकट्याशी बोलायचं. घरचं ताजं दुःख सीनमध्ये आणू नका, हे आता ती पहिल्याच दिवशी सांगते. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या मोफत टेलिमानस फोनसेवेचा 14416 हा क्रमांकही तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकला आहे.