आर्किटेक्ट की इंजिनीअर? आधी एक साखळी टांगा

प्रश्न : इचलकरंजीत माझं स्टील रेलिंगचं वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या गेटवे आर्चचे फोटो पाहिल्यापासून ‘मला असं स्मारक करायचंय, आर्किटेक्चरलाच जाणार’ म्हणते. मला इंजिनीअरिंग बरं वाटतं. काय करावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तिने पाहिलेली कमान तुम्हीही नीट पाहा. १९२ मीटर उंच आणि पायथ्याशी तेवढीच रुंद. आकार एरो सारिनेन या आर्किटेक्टचा, पण तो उभा कसा राहील याचं गणित हान्सकार्ल बँडल या स्ट्रक्चरल इंजिनीअरचं. आत वेगळा सांगाडा नाही. बाहेरून साधारण सव्वासहा मिलिमीटर जाडीचं स्टेनलेस, आतून कार्बन स्टील, खालच्या भागात दोहोंच्या मधे काँक्रीट; भार पेलतात त्या या भिंतीच. १४२ तुकडे वेल्ड करत दोन्ही पाय वर नेले. २८ ऑक्टोबर १९६५ ला शेवटचा तुकडा बसवताना उन्हाने पोलाद प्रसरण पावू नये म्हणून दक्षिणेकडच्या पायावर पाण्याचा मारा केला. ते पाहायला सारिनेन नव्हते, ते १९६१ मध्येच वारले होते.

म्हणजे तुमचं दोघांचंही म्हणणं या कमानीत आहे. तिला आकार सुचण्यात रस असेल, तर पाच वर्षांचं बी.आर्च. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, शिवाय ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. भाराचं गणित आवडत असेल, तर सिव्हिल करून पुढे स्ट्रक्चरल. तिसरी वाट मुलांना कुणी सांगतच नाही, याचं मला वाईट वाटतं: धातुशास्त्र. पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत ते शिकता येतं. एमएस, म्हणजे साधं पोलाद, घासलेली चकती एसएसवर, म्हणजे स्टेनलेसवर, फिरवली की पुढे तांबूस डाग का पडतात, हे तुम्ही अनुभवाने जाणता. त्यामागचं शास्त्र ती शिकेल.

परीक्षा झाली की तिला दोन महिने वर्कशॉपमध्ये घ्या. गल्ल्यावर बसवू नका. टिग वेल्डिंग, बफिंग जवळून पाहू द्या. आणि एक करा: दोन खिळ्यांना साखळी सैल टांगा. ती जशी लोंबते तोच आकार उलटा केला की कमान होते. सारिनेनच्या कमानीचं मूळ तिथेच आहे. मुलगी आधी त्याचं चित्र काढते, समीकरण शोधते, की साखळीची कडी हातात घेऊन निरखते, ते मला कळवा. कॉलेजांची यादी त्यानंतर करू.